सैल सांध्याचा शोध

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींच्या कपाळाला आठी पडली असेल. रायफलींत पिस्तुलाचें मॅगझीन बसविण्यासाठीं जो अडॅप्टर वापरतात, त्याचे भाग सैल झाले तर दोष कसा हुडकावा, हा विषय आपल्या दिवाणखान्यांतला नव्हे. आपल्या देशांत तर स्वयंभरणी रायफल आणि ९ मिलिमीटरचें काडतूस हीं दोन्ही सामान्य परवान्याच्या बाहेरचीं आहेत. आणि बोलणारा मी एक निवृत्त शाळामास्तर, मॅट्रिकच्या पुढें न गेलेला, ज्यानें आयुष्यांत एकही गोळी झाडलेली नाहीं. तथापि तीस वर्षें मीं शाळेच्या कार्यशाळेंत मुलांच्या हातीं कानस आणि पान्हा दिला आहे, आणि सैल झालेला स्क्रू हा प्राणी मला बंदूकवाल्यापेक्षां कमी परिचयाचा नाहीं.

त्या कार्यशाळेंतून गेलेला एक विद्यार्थी हल्लीं अमेरिकेंत टेक्सास राज्यांत नोकरीनिमित्त स्थायिक आहे. तेथें घरांत बंदूक असणें ही नवलाची गोष्ट नव्हे. त्याची सतरा वर्षांची मुलगी बापाच्या देखरेखीखालीं नेमबाजीच्या मैदानावर जाते, आणि तिच्या रायफलीनें गेल्या वर्षीं आजार धरला. बापानें तीन महिने पैसे खर्चून पाहिले व शेवटीं जुन्या मास्तरांना पत्र घातलें. त्या पत्रव्यवहारांत जें निष्पन्न झालें तें आज आपणांसमोर मांडावयाचें आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. मासिकाला इंग्रजींत जें नांव आहे तेंच बंदुकीच्या काडतूस-पेटीलाही आहे, आणि हा योगायोग नव्हे. मूळ अरबी शब्द 'मखझन', अर्थ कोठार. मजकुराचें कोठार तें मासिक, आणि काडतुसांचें कोठार ती पेटी. ही पेटी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची, उभी आणि चपटी असते. तळाशीं एक लांब स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर एक लहानसा पाट, आणि त्या पाटावर काडतुसें रचलेलीं. पेटीच्या तोंडाशीं दोन्ही कडा आंत वळविलेल्या असतात. त्यांना ओठ म्हणतात. या ओठांच्या आधारानें सर्वांत वरचें काडतूस अडून राहतें. रायफलीचा बोल्ट मागें जाऊन पुढें येऊं लागला कीं तो त्या काडतुसाला पाठीमागून ढकलतो, आणि तें ओठांतून सुटून नळीच्या घरांत शिरतें. बोल्टानें काडतुसाला नेमकें कोठें गांठावयाचें हें पेटी किती उंचीवर आणि किती सरळ बसली आहे यावर अवलंबून असतें. मिलिमीटरभराच्या फरकानें काम बिघडतें.

आतां रायफल आणि पिस्तूल यांची सोयरीक कशासाठीं? ही युक्ति जुनी आहे. १८७३ सालच्या विंचेस्टर रायफलीचें काडतूस घेणारें पिस्तूल कोल्ट कंपनीनें थोड्याच वर्षांत काढलें, कारण रानावनांत हिंडणाऱ्या माणसाला कमरेच्या पट्ट्यांत एकाच जातीचीं काडतुसें असणें सोयीचें होतें. हल्लींचें कारण वेगळें आहे. पिस्तुलाचें काडतूस स्वस्त, त्याचा धक्का सौम्य, आणि शिकाऊ खांद्याला तें झेपतें. म्हणून यूजीन स्टोनर यानें १९५० नंतरच्या दशकांत रचलेल्या एआर-१५ या रायफलीला तेथील हौशी लोक ९ मिलिमीटरचें काडतूस खावयास लावतात. अडचण अशी कीं, त्या रायफलीचें मूळचें काडतूस सुमारें ५७ मिलिमीटर लांब, आणि जॉर्ज लूगर यानें १९०२ सालीं सिद्ध केलेलें हें पिस्तुलाचें काडतूस जेमतेम ३०. अर्थात् पेटीही तितकीच अरुंद. मोठ्याच्या अंगरख्यांत लहान मूल घालावें तशी ती रायफलीच्या मॅगझीन-घरांत डगडगेल. मधली पोकळी भरून काढण्यासाठीं अल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा जो ठोकळा घरांत बसवितात, तोच अडॅप्टर.

हा ठोकळा नुसती पाचर नव्हे. कित्येक अडॅप्टरांत पेटी अडकविणारी खिटी त्यावरच असते. शिवाय झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर उडवून देणारा जो पोलादी दांडा, ज्याला इजेक्टर म्हणतात, तोही पुष्कळदां त्यावरच उभा असतो. म्हणजे काडतूस आंत येण्याची वाट आणि पुंगळी बाहेर जाण्याची वाट, या दोन्ही वाटांचा पाया हा एकच ठोकळा. आणि तो रायफलीच्या भिंतीला धरून राहतो तो दोन किंवा तीन बारक्या ग्रब-स्क्रूंच्या जोरावर. या स्क्रूला डोकें नसतें, षट्कोनी खांचेंत ॲलन-की घालून तो पिळावा लागतो.

विद्यार्थ्याची तक्रार अशी होती. दहाबारा गोळ्या नीट सुटतात, मग एकदम पुंगळी बाहेर न उडतां बोल्टाखालीं चेपून राहते. केव्हां केव्हां पुढच्या काडतुसाचें नाक कोठेंतरी अडतें. आणि रायफल हलविली तर खुळखुळ वाजते. त्यानें काय केलें? पेटीची स्प्रिंग बदलली. मग पेटी बदलली. मग दुसऱ्या जातीचीं काडतुसें आणलीं. मग सांपडतील ते सगळे स्क्रू आवळले. त्यानंतर दोन रविवार रायफल शहाण्यासारखी वागली, आणि तिसऱ्या रविवारीं पुन्हां तीच खोड. सायकलीपासून शिवणयंत्रापर्यंत कोणतेंही यंत्र दुरुस्त करूं पाहणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाची ही नेहमींची रीत आहे. बदलावयाचें तें सारें एकदम बदलावयाचें, आणि मग कशानें बरें वाटलें आणि कशानें पुन्हां बिघडलें हें सांगतां येऊं नये.

मीं त्याला पहिलें जें लिहिलें तें स्क्रूविषयीं नव्हतें. पेटी काढून बाजूला ठेव. बोल्ट मागें ओढून अडकव. नळीच्या घरांत डोळ्यांनीं पाहा आणि मग करंगळीही घालून पाहा. पेटी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली, हा समज अनेकांच्या जिवावर आलेला आहे, कारण एक काडतूस आधींच घरांत चढून बसलेलें असूं शकतें. जीं खरीं काडतुसें असतील तीं दुसऱ्या खोलींत नेऊन ठेव, आणि तपासणी खोट्या काडतुसांवर कर. दार लावून, मुलीलाही समोर बसवून कर, म्हणजे तीही शिकेल. या बाबतींत माझ्या अंगचा मास्तर थोडा अधिक बोलला असेल. पण त्याला माझा इलाज नाहीं.

मग प्रश्न आला खुळखुळण्याचा. ऐकणाऱ्याला प्रत्येक खुळखुळ हा दोषच वाटतो, आणि येथें फार जणांची दिशाभूल होते. यंत्रांत कांहीं ठिकाणीं सैलपणा मुद्दाम ठेवलेला असतो. घरच्या शिवणयंत्राची बॉबिन-केस बोटानें हलवून पाहा, ती किंचित् हलते; न हलली तर वरचा दोरा तिच्याभोंवतीं फिरून जाणार कसा? तसेंच पेटीचें. ती घरांत घट्ट रुतून बसली तर खिटी दाबल्यावर आपल्या वजनानें खालीं सुटणार नाहीं, आणि मैदानावरची धूळ शिरली कीं मुळींच निघणार नाहीं. म्हणून पेटी अडॅप्टरांत थोडी हलणें क्षम्य आहे. परंतु अडॅप्टर रायफलींत केसभरही हलणें क्षम्य नाहीं. दोन्हींचा आवाज कानाला एकसारखाच येतो. कानावर विसंबून निदान करणारा येथें फसतो.

हे दोन सैलपणे वेगळे करावयाचे कसे? रीत अगदीं साधी आहे. पेटी काढून नुसता ठोकळा अंगठा आणि तर्जनी यांत धरून पुढें-मागें व डाव्या-उजव्या बाजूस हलवावा, आणि दुसऱ्या हाताचें बोट ठोकळा व रायफलीची भिंत यांच्या फटीवर टेकवावें. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाच्या शेवटाला कळते. खात्री हवी असेल तर वहीच्या कागदाची पट्टी फटींत सरकवून पाहावी. एका बाजूला ती जाते आणि दुसऱ्या बाजूला जात नाहीं, तर ठोकळा तिरका बसला आहे. दुसरी परीक्षा पेट्यांची. प्रत्येक पेटीवर रंगानें आंकडा घालावा आणि कोणत्या पेटीला कितव्या काडतुसावर अडलें याची नोंद ठेवावी. दोष जर एकाच आंकड्याच्या पेटीबरोबर फिरत असेल तर तो पेटीचा. पेटी कोणतीही असो, दोष तेथेंच राहत असेल तर तो घराचा. आमच्या मुलीनें ही वही मोठ्या टापटिपीनें ठेवली. तीन पेट्या, आणि दोष तिन्हींना सारखा. ठोकळा पुढच्या बाजूला हलत होता. येथवर गोष्ट सरळ आहे. स्क्रू सैल झाला म्हणून ठोकळा हलतो, ठोकळा हलतो म्हणून इजेक्टर पुंगळीला कधीं मधोमध मारतो तर कधीं कडेला, आणि कडेला मारला तर पुंगळी बाहेर न जातां आंतच कोलांटी खाते.

पण स्क्रू सैल कां झाला? तो तर पंधरवड्यापूर्वीं आवळलेला होता. हा प्रश्न विचारल्यावांचून पुन्हां पान्हा हातीं घेणें म्हणजे भिंतीची ओल न शोधतां चुना लावणें होय. मीं मुलीचें बंदूक धरल्याचें एखादें छायाचित्र मागविलें. तें आलें, आणि उत्तर त्यांतच होतें. मुलीची उजवी मूठ दस्त्याशीं जेथें हवी तेथें होती. डाव्या हातानें मात्र तिनें नळीखालचा भाग न धरतां खालीं लोंबणारी लांब पेटी, ३३ काडतुसांची, घट्ट मुठींत धरली होती आणि ती खांद्याकडे ओढीत होती.

श्रोतेहो, याच एका सवयीनें दुसऱ्या महायुद्धांत सबंध पलटणींना त्रास दिला आहे. इंग्लंडनें १९४१ सालीं स्टेन नांवाची हलकी व अत्यंत स्वस्त बंदूक काढली. शेफर्ड आणि टर्पिन या दोघांचीं आद्याक्षरें आणि एन्फील्ड कारखान्याचीं पहिलीं दोन, मिळून हें नांव. तीही पिस्तुलाचेंच ९ मिलिमीटरचें काडतूस झाडी, आणि युद्धाच्या काळांत ती लक्षावधींनीं तयार झाली. तिचें मॅगझीन डाव्या बाजूला आडवें निघे. शिपायाचा डावा हात सहजच त्यावर जाऊन पडे, कारण मुठींत धरण्यासाठींच तें तेथें ठेवलें आहे असें दिसे. त्या ओढीनें पेटी घरांत तिरकी होई, खिटी झिजे, आणि काडतूस अडे. शिक्षक ओरडून सांगत कीं मॅगझिनाला धरूं नका. त्या पेटींत आणखीही एक उपजत खोड होती. काडतुसें आंत दोन रांगांनीं रचलेलीं, आणि ओठांशीं त्यांची एकच रांग व्हावयाची. दोन रस्त्यांची गर्दी एका बोळांत शिरावी तशी ती तेथें अडे. म्हणून ३२ काडतुसांच्या पेटींत जाणते शिपाई दोनचार कमीच भरीत.

२७ मे १९४२ या दिवशीं प्राग शहरांत लिबेन उपनगराच्या वळणावर योसेफ गाब्चीक हा स्लोव्हाक सैनिक हिटलरचा अधिकारी राइनहार्ड हायड्रिख याच्या उघड्या मोटारीसमोर स्टेनगन घेऊन उभा ठाकला, चाप ओढला, आणि गोळी सुटली नाहीं. त्याचा चेक जोडीदार यान कुबिश यानें बाँब फेंकला म्हणून काम झालें. हायड्रिख ४ जून रोजीं मेला. स्टेन त्या क्षणीं कां मुकी राहिली याविषयीं तर्क पुष्कळ झाले, पण त्यांतला एकही सिद्ध झालेला नाहीं. सूड म्हणून नाझींनीं लिडित्से हें गांव धुळीला मिळविलें. गाब्चीक आणि कुबिश १८ जून रोजीं प्रागच्या एका चर्चमध्यें शेवटपर्यंत लढत प्राणांस मुकले. ज्या माणसानें महिनोन्महिने ज्या एका क्षणाची तयारी केली, त्या क्षणीं हातांतलें यंत्र गप्प राहावें, ही कल्पनाच अंगावर कांटा आणते. म्हणून 'किरकोळ सैलपणा' हे शब्द मला आवडत नाहींत.

स्टेनच्या पाठीमागून आलेल्या स्टर्लिंग बंदुकींत, जी ब्रिटिश सैन्यानें १९५३ सालीं स्वीकारली आणि जी पुढें आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यांतही झाली, जॉर्ज पॅचेट यानें पेटीच सुधारली. ती किंचित् वांकडी केली आणि काडतुसांखालच्या पाटाला लहानसे रूळ बसविले. पेटी मात्र डाव्या बाजूलाच राहिली. तेव्हां हाताला वळण लावणें कोणालाच चुकलें नाहीं.

पुन्हां टेक्सासला येऊं. तरफेचा नियम आपण सर्व शाळेंत शिकलों आहों. समजा पेटी ठोकळ्याखालीं अठरा सेंटिमीटर लोंबते आहे आणि ठोकळ्याची भिंतीवरची पकड सहा सेंटिमीटरांची आहे. तर टोकाशीं दिलेला हिसका स्क्रूपाशीं सुमारें तिप्पट होऊन पोहोंचतो. त्यांत हिच्या बोल्टाची रचना अशी कीं, तो कुलपानें अडविलेला नसून केवळ आपल्या वजनानें मागें जाण्यास विलंब लावतो. म्हणून तो जड केलेला असतो, आणि प्रत्येक गोळीला तो जड बोल्ट मागें-पुढें आपटतो. हातानें ओढ द्यावयाची आणि बोल्टानें ठोके द्यावयाचे, अशी ही दुहेरी व्यवस्था.

स्क्रू ठोक्यांनीं उलगडतो कसा, याचा शास्त्रशुद्ध छडा गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानें लावला आणि १९६९ सालीं प्रसिद्ध केला. स्क्रूच्या अक्षाच्या दिशेनें ओढाताण झाली तर तो सहसा दाद देत नाहीं. परंतु जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकूं लागले कीं आट्यांमधलें घर्षण क्षणोक्षणीं सुटतें, आणि आट्यांना मुळांतच उतार असल्यामुळें स्क्रू प्रत्येक सरकण्याबरोबर किंचित् उलटा फिरतो. कोणी हात न लावतां तो पुरता सैल होतो. याच प्रयोगांनीं हेंही दिसून आलें कीं, आपण मोठ्या श्रद्धेनें घालतों तो स्प्रिंग-वॉशर अशा आडव्या हालचालीपुढें फारसा टिकत नाहीं. हें वाचून मला वाईट वाटलें. वर्षानुवर्षें मीं मुलांकडून तो घालवून घेतला आहे.

तेव्हां क्रम असा ठरला. प्रथम हाताची जागा बदलावयाची. डाव्या हातानें नळीखालचा भाग धरावयाचा, पेटीला स्पर्श करावयाचा नाहीं. मग ठोकळा काढून स्क्रू आणि त्यांचीं भोंकें यांतलें तेल अगदीं निपटून काढावयाचें. मग प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर आटे धरून ठेवणाऱ्या द्रवाचा एकेक थेंब. हा द्रव व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानें १९५३ सालीं हार्टफर्ड येथें शोधला आणि लॉकटाइट या नांवानें तो जगभर गेला. कोल्टचा जुना कारखानाही त्याच हार्टफर्डचा, हा एक गमतीचा योग. त्याची खुबी अशी कीं, हवा आहे तोंवर तो पातळ राहतो आणि धातूच्या फटींत हवेवांचून कोंडला कीं घट्ट होतो. निळ्या रंगाचा घ्यावा. तांबडा एकदां धरला कीं तापविल्यावांचून सोडीत नाहीं. आट्यांना तेल राहिलें तर तो नीट धरत नाहीं, आणि पूर्ण घट्ट व्हावयास त्याला एक दिवस द्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या अडॅप्टराला मात्र तो लावूं नये. कांहीं प्लॅस्टिकांना त्यानें तडे जातात.

स्क्रू पिळतांना दोन्ही बाजूंचे आळीपाळीनें, थोडे थोडे पिळावे, म्हणजे ठोकळा सरळ बसतो. आणि जोर बेतानें करावा. अल्युमिनियमचे आटे पोलादी स्क्रूपुढें लोण्यासारखे. 'आणखी एक वेढा' या मोहानें ते एकदां गेले कीं पुढचा सगळा उपाय खुंटतो. शेवटीं नखाला लावावयाच्या रंगाची एक बारीक रेघ स्क्रूवरून शेजारच्या धातूवर ओढावी. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते, आणि आवळून पाहण्याची गरज उरत नाहीं. कारखान्यांत ही खूण सर्रास करतात. घरांतल्या पंख्याच्या दांड्याला आणि कुकरच्या मुठीला ती करावयास कोणाची हरकत आहे? मुलीनें पन्नास गोळ्यांनंतर, मग दोनशें गोळ्यांनंतर रेघ पाहिली. ती अखंड होती, आणि पुंगळ्या एकाच बाजूला, एकाच ढिगांत पडत होत्या.

आतां उरला इजेक्टर. ठोकळा पुष्कळ दिवस डुलत राहिला असेल तर हा दांडा वांकडा मार खाऊन खाऊन टोकाशीं गोल होतो, किंवा त्याच्या बुडाची पिन सैल होते. ठोकळा पक्का केल्यावरही पुंगळी मधूनमधून अडत असेल तर तो बदलावा. नवा बसविल्यावर रिकामी रायफल हातीं घेऊन बोल्ट अगदीं सावकाश पुढें न्यावा. बोल्टाच्या बुडाला जी खांच असते तींतून इजेक्टर कोठेंही न घासतां गेला पाहिजे. घासत आहे असें वाटलें तर त्याला दिव्याची काजळी लावावी, बोल्ट दोनतीनदां फिरवावा, आणि काजळी जेथें पुसली जाईल तेथें बारीक कानशीचे चार हात द्यावे. कानस लावावयाची ती इजेक्टरला, बोल्टाला नव्हे. दोहोंत इजेक्टर स्वस्त आहे.